लघुग्रहाचा धोका कसा मोजतात?

२०२५ सालच्या आरंभी एका लघुग्रहाच्या बातमीने जगभर खळबळ उडवली. '२०२४ वायआर४' हे त्याचे नाव. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता आहे, असे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. आदळलाच, तर कोठे? त्याचा संभाव्य पट्टा पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. अरबी समुद्र म्हणजे आपल्या कोकणचा शेजार!

त्यातून आकडे वाढतच गेले. जानेवारीच्या अखेरीस ही शक्यता शेकडा १.३ होती. १८ फेब्रुवारीला ती शेकडा ३.१ झाली. आणि २४ फेब्रुवारीला? शेकडा ०.००४, म्हणजे जवळजवळ शून्य!

सहा दिवसांत असे काय घडले? लघुग्रहाने वाट बदलली की शास्त्रज्ञांचे गणित चुकले? दोन्हीही नाही. मग हा काय प्रकार आहे, ते आपण समजून घेऊ.

पाहुणा दिसला कसा?

लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे खडकाळ गोळे. बहुतेक लघुग्रह मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या मधल्या पट्ट्यात असतात. पण काहींच्या कक्षा पृथ्वीच्या वाटेपर्यंत येतात. असे लघुग्रह शोधण्यासाठी काही दुर्बिणी दररोज रात्री आकाशाची छायाचित्रे घेतात. त्याच भागाची दोन-चार छायाचित्रे थोड्या थोड्या वेळाने घेतली, तर तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रहाचा ठिपका मात्र सरकलेला दिसतो.

चिली देशातील 'अ‍ॅटलास' दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ रोजी असाच एक ठिपका सापडला. गंमत अशी, की त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख ३० हजार किलोमीटरवरून निघून गेला होता! तो सूर्याभोवती एक फेरी सुमारे चार वर्षांत पूर्ण करतो. त्याचा व्यास सुमारे ६० मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीच्या उंचीएवढा आहे. एवढ्या गोळ्याने पृथ्वी नष्ट होत नाही. पण एखाद्या शहराची दाणादाण उडू शकते. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे असाच एक पिंड हवेत फुटला, तेव्हा सुमारे २,००० चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले होते.

सात मिनिटांचा प्रश्न

आता एक सोपे गणित करा. पृथ्वी आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. १२,७४२ ला ३० ने भागले, की येतात सुमारे ४२५ सेकंद, म्हणजे सात मिनिटे. एवढ्या वेळात पृथ्वी स्वतःच्या व्यासाएवढे अंतर पुढे सरकते. दोन रस्ते एका चौकात मिळावेत, तशा पृथ्वीच्या व लघुग्रहाच्या वाटा एकमेकींजवळ येतात. टक्कर होण्यासाठी दोघांनी त्या चौकात एकाच वेळी पोहोचले पाहिजे. लघुग्रहाला पाव तासाचा उशीर झाला, तरी पृथ्वी तेथून पुढे गेलेली असते.

म्हणजे आठ वर्षांनंतरची वेळ काही मिनिटांपर्यंत अचूक सांगायची! आणि हाताशी काय, तर काही आठवड्यांची छायाचित्रे. एखादे घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे जाते, हे ते तासभर पाहून ठरवायचे झाले तर? थोडी चूक राहणारच, आणि वर्षभरात ती वाढत वाढत मोठी होणार. लघुग्रहाचेही तसेच. म्हणून २०३२ साली तो 'येथे असेल' असा एक बिंदू शास्त्रज्ञ सांगत नाहीत. तो 'या लांबट पट्ट्यात कोठेतरी असेल' असे सांगतात. त्या पट्ट्यात पृथ्वी आली, की धोक्याची बातमी होते.

करून पाहा

वर्तमानपत्राचे तुकडे जोडून १६० सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद अशी पट्टी करा. हा आपला संभाव्य पट्टा. २ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा रंगीत कागद घ्या. ही आपली पृथ्वी. ती पट्टीच्या डाव्या टोकापासून १०० सेंटिमीटरवर ठेवा. पृथ्वीने पट्टीचा १६० पैकी २, म्हणजे शेकडा १.२५ भाग व्यापला आहे. जानेवारीच्या अखेरचा आकडा जवळपास असाच होता.

नवे वेध मिळाले, की पट्टा आखूड होतो. तेव्हा पट्टी डावीकडून ५० आणि उजवीकडून ४६ सेंटिमीटर कापा. उरली ६४ सेंटिमीटर. पृथ्वी अजून तिच्यावरच आहे, आणि तिचा वाटा झाला ६४ पैकी २, म्हणजे शेकडा ३.१! पृथ्वी हलली नाही, लघुग्रहही वळला नाही. तरी आकडा वाढला.

१२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती. चांदण्यात असा अंधुक ठिपका दिसणे कठीण. पुढे आकाश काळोखे झाले आणि चांगले वेध मिळाले. आता पट्टीचा डावीकडचा फक्त ४० सेंटिमीटर भाग ठेवा, बाकीचा कापा. पृथ्वी पट्टीबाहेर गेली, धोका संपला!

खऱ्या गणितात पट्ट्याच्या सर्व भागांत शक्यता सारखी नसते. मध्यभागी ती अधिक असते. परंतु मूळ कल्पना हीच.

२०२९ चा पाहुणा

असे पूर्वीही घडले आहे. २००४ साली सापडलेला 'अपोफिस' हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी आदळण्याची शक्यता २७ डिसेंबर २००४ रोजी शेकडा २.७ झाली होती. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यातील जुन्या छायाचित्रांत तो सापडला आणि धोका टळल्याचे कळले. २०२१ साली रडारने घेतलेल्या वेधांवरून, निदान पुढील शंभर वर्षे तो आदळणार नाही, हेही ठरले.

मात्र त्या दिवशी तो पृष्ठभागापासून अवघ्या ३२,००० किलोमीटरवरून जाईल. आपले दळणवळणाचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. म्हणजे हा त्यांच्याही अलीकडून जाणार! तेव्हा भारतात १४ एप्रिलची पहाट असेल. युरोप, आफ्रिका व पश्चिम आशियातील लोकांना तो दुर्बिणीवाचून दिसू शकेल.

आणि एखाद्या वेळी पृथ्वी पट्टीवरच राहिली तर? २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'डार्ट' हे अंतराळयान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटर व्यासाच्या गोळ्यावर मुद्दाम आदळवण्यात आले. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याभोवतीच्या त्याच्या फेरीचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. धक्का देऊन वाट बदलता येते, हे सिद्ध झाले. मात्र धक्का देण्यासाठी आधी पुरेशी वर्षे हाताशी हवीत, आणि ती मिळतात लवकर घेतलेल्या वेधांमुळेच.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा घाबरू नका. आकडा वाढला म्हणजे दगड जवळ आला असे नव्हे. पट्टी आखूड झाली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पुढच्या वेधांची वाट पाहा.

तुमच्यासाठी प्रश्न : अपोफिसचा शेकडा २.७ हा आकडा दाखवायचा असेल, तर २ सेंटिमीटरच्या पृथ्वीसाठी पट्टी किती लांब घ्यावी?
(उत्तर : सुमारे ७४ सेंटिमीटर)