ठाकुर्लीचे वीजघर, दगडी कोळसा आणि शेतातला पेंढा

डोंबिवलीहून कल्याणकडे जाणाऱ्या आगगाडीने आमच्या शाळेतील पुष्कळ मुले-मुली रोज प्रवास करतात. वाटेत ठाकुर्ली स्टेशन लागते. त्याच्या जवळच, चोळेगावाच्या बाजूस, एके काळी रेल्वेचे मोठे वीजघर होते, आणि या मार्गावरील विजेच्या गाड्यांस लागणारी शक्ती तेथे उत्पन्न होत असे, ही गोष्ट त्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. या वीजघराच्या निमित्ताने इंधनाविषयी चार गोष्टी विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगाव्या, असा आमचा हेतू आहे.

हिंदुस्थानातील विजेची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्टेशनापासून कुर्ल्यापर्यंत धावली. परंतु खरी अडचण होती ती घाटांची. पुण्याच्या वाटेवरील बोरघाट आणि नाशिकच्या वाटेवरील थळघाट या दोहोंत दर ३७ फुटांस १ फूट इतका चढ आहे. तो चढताना वाफेच्या इंजिनांची फार दमछाक होई. तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने कल्याणपासून पुण्यापर्यंत व इगतपुरीपर्यंत विजेच्या गाड्या चालविण्याचे ठरविले, आणि त्यासाठी १९२९ साली ठाकुर्लीचे वीजघर उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी मुंबई-पुणे मार्गावर धावू लागली.

अशा वीजघराचे काम समजण्यास कठीण नाही. कोळशाच्या अग्नीने बाष्पपात्रातील, म्हणजे बॉयलरमधील, पाण्याची वाफ होते. ती वाफ मोठ्या दाबाने चक्राच्या पात्यांवर आदळून चक्र फिरविते, आणि चक्रास जोडलेल्या जनित्रात वीज उत्पन्न होते. चुलीवरच्या पातेल्याचे झाकण ज्या शक्तीने उडते, तीच शक्ती येथे कामास जुंपलेली असते.

परंतु मनुष्याप्रमाणे यंत्रासही वार्धक्य येते. बाष्पपात्राच्या नळ्यांस आतून क्षारांचे पुट चढते व बाहेरून राखेच्या घर्षणाने त्या झिजतात. चक्राची पाती खरवडली जातात. मग तितक्याच विजेसाठी अधिक कोळसा जाळावा लागतो. आपल्या देशातील कोळशात राख फार, शंभर किलोंत बहुधा तीस ते चाळीस किलो. तीही कोठे तरी टाकावी लागते. शिवाय कोकणात कोळशाची खाण नसल्याने तो दुरून आणावा लागतो. ठाकुर्लीचे वीजघर असेच जीर्ण झाले व १९८० नंतरच्या दशकात बंद पडले. रेल्वेने आपली वीज दुसरीकडून घेतली.

वृद्ध वीजघरापुढे तीन मार्ग असतात: ते बंद करणे, त्याची यंत्रे नवी करणे, किंवा त्याचे इंधन काही अंशी बदलणे. यांपैकी पहिला मार्ग ठाकुर्लीने पाहिला. दुसऱ्याचे थोडेसे उदाहरण डहाणूस सापडते. डहाणू तालुका २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता; आता तो पालघर जिल्ह्यात मोडतो. चिकूच्या बागांच्या या मुलखात १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र सुरू झाले. बागाईतदारांस धुराची धास्ती वाटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणाच्या रक्षणार्थ एक प्राधिकरण नेमले गेले. त्याच्या आग्रहामुळे धुरातील गंधकवायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढण्याची यंत्रणा केंद्रास बसवावी लागली.

तिसऱ्या मार्गाची चर्चा हल्ली विशेष चालू आहे. पेंढा, तूस, काटक्या, उसाची पाचट अशा वनस्पतिजन्य पदार्थांस शास्त्रीय भाषेत जैवभार म्हणतात. तो वाळवून, दळून, दाबून त्याच्या कांड्या करतात व त्या कोळशात मिसळून जाळतात. राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमाने २०१७ साली उत्तर प्रदेशातील दादरी येथे हा प्रयोग केला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या वीजकेंद्रांनी शंभरात पाच भाग व पुढे सात भाग जैवभार जाळावा, असे धोरण ठरविले. त्याच्या मुदती मात्र नंतर लांबवाव्या लागल्या.

यातील शास्त्र असे आहे. कोळसा जाळला की कोट्यवधी वर्षे भूमीत गाडलेला कार्बन हवेत मोकळा होतो. पेंढ्यातील कार्बन मात्र गेल्या पावसाळ्यात भाताच्या रोपाने हवेतूनच घेतलेला असतो, आणि पुढील पीक तो पुन्हा शोषून घेते. हिशेब बरोबर आहे. पण पीक पुन्हा उगवेल तरच. शिवाय पेंढ्याच्या राखेत पोटॅश व वाळूसारखे द्रव्य असते. ते वितळून नळ्यांस चिकटते. म्हणून जुन्या बाष्पपात्रात एकदम पुष्कळ जैवभार घालता येत नाही.

हा विषय आम्ही वर्गात शिकवीत असता मुरबाडकडील एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, पेंढा वीजघरात गेला तर आमची गाय काय खाईल?" वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण प्रश्न योग्यच होता. त्याचे उत्तर आम्ही फळ्यावर गणिताने काढले.

एक युनिट विजेस सुमारे दोन-तृतीयांश किलो कोळसा लागतो असे धरू. ५०० मेगावॅटचे केंद्र पूर्ण शक्तीने चोवीस तास चालले, तर १ कोटी २० लाख युनिटे होतात. म्हणजे कोळसा सुमारे ८,००० टन. त्याचे शेकडा पाच म्हणजे ४०० टन. भाताच्या एका हेक्टरात चार टन पेंढा निघतो असे मानले, तर नुसत्या पाच भागांसाठी रोज शंभर हेक्टर शेतांचा पेंढा हवा! बाकीचे पंचाण्णव भाग कोळसाच राहतो.

पंजाबात भाताचे खुंट शेतातच जाळून टाकतात. तेथे ते उचलून वीजघरात नेले तर दुहेरी लाभ आहे. आपल्या मुरबाड-शहापुराकडे स्थिती वेगळी आहे. येथे पेंढा गुरांची वैरण आहे. तुसास गिऱ्हाईक आहे. पालापाचोळा व शेण पसरून शेतकरी राब भाजतो आणि त्या जागी भाताचे रोप टाकतो. ज्यास शहरातला माणूस टाकाऊ म्हणतो, ते खेड्यात बहुधा कामाचे असते. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यातील ड्रॅक्स येथील प्रचंड वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या कांड्या पत्करल्या; परंतु त्या अमेरिकेतील जंगलांतून जहाजांनी येऊ लागल्या, व त्यावर तेथे कडाक्याचा वाद माजला. तेव्हा जैवभार चांगला की वाईट, असा प्रश्न नाही. तो कोठून आणला, कोणाच्या उपयोगातून काढला, आणि त्याच्या जागी पुन्हा काय उगवणार, हे विचारल्यावाचून निर्णय करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

ही सृष्टी आपल्या मालकीची नसून आपण तिचे कारभारी आहो, अशी आमची श्रद्धा आहे. आणि कारभाऱ्यास हिशेब चुकत नाही. म्हणून विद्यार्थ्यांस आम्ही दोन कामे सांगतो. पहिले, घरचे विजेचे बिल पाहून महिन्याची युनिटे वरील रीतीने कोळशात मांडावी. शंभर युनिटे म्हणजे सदुसष्ट किलोंच्या आसपास कोळसा. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करण्यास मग कोणी सांगावे लागणार नाही. दुसरे, दिवाळीच्या सुटीत जे गावी जातील त्यांनी तेथील वडील माणसांस विचारावे की पेंढा, तूस व पालापाचोळा यांपैकी काय कोणाच्या उपयोगी पडते, आणि खरोखर वाया काय जाते. उत्तरे वहीत लिहून आणावी. शाळा उघडल्यावर ती आम्ही वर्गात वाचू, आणि त्या मुरबाडच्या मुलाची वही पहिल्याने वाचू.