अ‍ॅप तपासायला एम्युलेटर लावतोयस, तर ऐक

अँड्रॉइड स्टुडिओला शिव्या घालण्याआधी बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघ. इंटेलच्या मशीनवर ते बहुधा व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम या नावाने सापडेल. ते बंद असलं की एम्युलेटर उठतच नाही, किंवा नुसता रांगतो. जुन्या लेखांत एम्युलेटरचा वेग वाढवायला इंटेलचं हॅक्सम बसवायला सांगितलेलं असतं. त्याच्या नादी लागू नकोस, इंटेलनेच २०२३ मध्ये त्याचं काम थांबवलं.

सिस्टीम इमेज इंटेल-एएमडीवर एक्स८६ची घे, नव्या मॅकवर आर्मची. गूगल प्लेवाल्या इमेजवर रूट मिळत नाही. अ‍ॅपच्या पोटात शिरायचं असेल तर गूगल एपीआयवाली निवड.

‘अ‍ॅप माझ्या सर्व्हरशी बोलतच नाही’ ही तक्रार घेऊन नवे सगळेच येतात. अरे, एम्युलेटरच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. तुझं मशीन त्याला १०.०.२.२ या पत्त्यावर दिसतं.

बंद करताना एम्युलेटर स्नॅपशॉट घेतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतो. सोय छान आहे, पण काल अडकलेली अवस्थाही तशीच उठते. म्हणून बग नोंदवण्याआधी कोल्ड बूट कर, आणि अ‍ॅप पहिल्यांदाच टाकणाऱ्याचा अनुभव तपासायचा असेल तर वाइप डेटा; लॉगिन आणि परवानग्या कोल्ड बूटने जात नाहीत. ऑटोमेशन चालवणार असशील तर डेव्हलपर ऑप्शन्समधली तिन्ही अ‍ॅनिमेशन बंद ठेव.

आता जे फारसं कुणी करत नाही ते. एक एम्युलेटर कायम मराठीत ठेव. भाषा मराठी केली की आकडेही देवनागरी होतात. कोडमध्ये लोकेल (कोणत्या भाषा-प्रदेशाचे संकेत पाळायचे ते) न सांगता रकमेची स्ट्रिंग बनवली असेल, तर सर्व्हरकडे तेच देवनागरी अंक जातात आणि तो बिचारा गोंधळतो. इंग्रजी फोनवर हा बग जन्मात सापडायचा नाही. डेव्हलपरला सांग, सर्व्हरला जाणाऱ्या आकड्यांना लोकेल.रूट लाव. त्याच एम्युलेटरवर अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून बटणं बघ. वेलांटी-रफार वरून कापले जातात, उकार खालून. तेही बगच, ‘दिसायला जरा वेगळं’ म्हणून सोडून देऊ नकोस.

लोकेशन, येणारा कॉल, एसएमएस, संथ नेटवर्क, संपत आलेली बॅटरी हे सगळं एक्स्टेंडेड कंट्रोल्समधून घडवून आणता येतं. पण रिलीजआधी एक स्वस्तातला खरा फोन हातात घेच. फोनचं तापणं आणि फोन कंपनीने आपल्या मर्जीने मागची अ‍ॅप बंद पाडणं एम्युलेटरवर दिसत नाही.