चराऊ गाय व दाण्यावरची गाय

गाईला रानांत चारावें कीं गोठ्यांत बांधून ढेप व दाणा घालावा, हा प्रश्न आमच्या वर्धा जिल्ह्यांतील कास्तकारांस वारंवार पडतो. पाश्चात्य देशांत हाच वाद मांसाकरितां पोसलेल्या गुरांसंबंधानें चालतो. अमेरिकेंत गुरें अखेरचे कांहीं महिने वाड्यांत कोंडून मक्यावर पोसतात. तीं लवकर वजनास चढतात व त्यांची चरबी पांढरी होते. गवतावरच्या गुरांस अधिक काळ लागतो, व चरबी पिवळसर राहते. महाराष्ट्रांत गाईबरोबर बैलाच्या वधासही सन २०१५ पासून बंदी असल्यामुळें आपणांस त्या बाजाराशीं कर्तव्य नाहीं. परंतु जनावराच्या पोटाचा नियम दोहींकडे एकच आहे.

गाईच्या मोठ्या कोठ्यांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात. गवतांतील तंतु तेच आंबवितात, आणि त्यांतून निघणाऱ्या आम्लापासून दुधांतील बराचसा स्निग्धांश बनतो. दाण्यांतील पिष्ट फार वेगानें आंबतें. बेतानें दिल्यास दूध वाढतें. अति झाल्यास लोणी उतरतें, आणि एकदम पोटभर खाल्ल्यास कोठा आंबट होऊन जनावर दगावतें. माझीच एक कालवड खळ्यावर ज्वारीच्या राशीस लागली व दुसऱ्या दिवशीं गेली. राखण ठेवली नव्हती, हा दोष माझाच.

तुपाचा पिवळा रंगही हिरव्या चाऱ्यांतूनच येतो. त्या रंगद्रव्यापासून आपलें शरीर अ जीवनसत्त्व तयार करतें. गाय कोरड्या कडब्यावर व दाण्यावर राहिली कीं तूप फिकट होतें. म्हशीचें तूप मात्र नेहमींच पांढरें. तिचें शरीर त्या रंगाचें आधींच जीवनसत्त्व करून टाकतें.

आतां आपल्या गवळाऊ जातीचें पाहूं. आर्वी, आष्टी व कारंजा या भागांत नंदा गवळ्यांनीं ती डोंगराळ कुरणांवर वाढविली. एका वेतास दूध साधारण ६०० किलोंच्या आसपास, म्हणजे बेताचेंच. पण बैल हलका, काटक व चालीस चपळ. सन १९४१ मध्यें वर्ध्यास गोसेवा संघ निघाला व जमनालालजी बजाज यांनीं अखेरचे दिवस त्या कार्यास वाहिले, तेव्हांपासून गाईच्या दुधाविषयीं येथें पुष्कळ बोललें गेलें. गवताविषयीं तितकें नाहीं. कागदावर गायरान म्हणून लिहिलेली जमीन प्रत्यक्षांत कपाशीखालीं गेलेली मीं नोकरींत असतांना अनेकदां पाहिली आहे. गायरान गेलें कीं ढेप विकत घेणें आलेंच, आणि बेताच्या दुधाच्या गाईस विकतची ढेप परवडत नाहीं.

तरी केवळ गवतावरही बारमास भागत नाहीं. श्रावणांतील कोवळें गवत पौष्टिक. तेंच फाल्गुनांत नुसतें काड होतें. कुसळी गवत तर फुलोऱ्यापूर्वींच कापावें. मागाहून कुसळें तोंडांत रुततात. उन्हाळ्यांत कडब्याबरोबर सरकीची ढेप द्यावी, कारण कडब्यांत नत्रयुक्त अंश फार थोडा. लहान वासरांस मात्र ही ढेप देऊं नये. तींतील विषारी द्रव्य त्यांस पचत नाहीं. दुभत्या गाईस पोट भरून चारा, आणि दर अडीच लिटर दुधामागें सुमारें १ किलो खुराक, हें माप पुरे. चारा बदलावयाचा तो आठदहा दिवसांत थोडा थोडा करून बदलावा.