दप्तर, तलाठी आणि उतारा : संकेतस्थळावरील माहितीचा प्रवास

पाल्याचा निकाल किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची स्थिती पालक आता मोबाइलवरच पाहतात. ती माहिती साठवणीतून पडद्यापर्यंत कोणाच्या हातून येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. दप्तर कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही.

नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही रचना मांडली. सातबारा डोळ्यांपुढे आणला की ती चटकन उमगते. जमिनीची मूळ नोंद हे मॉडेल. गटानुसार मांडलेला सातबारा आणि खातेदारानुसार मांडलेला आठ-अ हे तिचे दोन व्ह्यू. मागणी ऐकून नेमक्या नोंदी उतरवून देणारा तलाठी हा कंट्रोलर. (करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. तोवर निरक्षर रयतेला कुलकर्णी वाचून दाखवील तेच खरे मानावे लागे.)

कंट्रोलर व्ह्यूला माहिती देतो ती नावानिशी. लाराव्हेल या चौकटीत पानाच्या नावासोबत एक यादी द्यावी लागते : ‘नाव’ या किल्लीखाली विद्यार्थ्याचे नाव, ‘गुण’ या किल्लीखाली गुण. व्ह्यूमध्ये दुहेरी महिरपी कंसांत तीच किल्ली लिहिली की तेथे मूल्य उमटते. एएसपी डॉट नेटमध्ये याच कामासाठी ‘व्ह्यूबॅग’ नावाची मोकळी पिशवी असते. सोयीची खरी, पण किल्लीच्या नावात एक अक्षर चुकले तर ती तक्रार करीत नाही. पानावर जागा कोरी राहते. त्यापेक्षा ठरलेल्या नमुन्याचे व्ह्यू-मॉडेल देणे मला शिस्तीचे वाटते.

नवशिके मात्र सोपा मार्ग म्हणून विद्यार्थ्याची संपूर्ण नोंदच व्ह्यूच्या हवाली करतात. पान सर्व्हरवर तयार होत असेल, तर त्यात न लिहिलेले रकाने वाचकापर्यंत पोहोचत नाहीत. परंतु तीच नोंद जावास्क्रिप्टसाठी जेसॉन रूपात पानात ओतली, किंवा एखादा रकाना केवळ सीएसएसने दडवला, तर पडद्यावर न दिसणारी जात, पालकांचे उत्पन्न, आधार क्रमांक हे सारे त्या पानासोबत बाहेर पडते. संगणकावर कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबून पानाचा स्रोत उघडणाऱ्या कोणालाही ते वाचता येते. वर्गमित्रालाही!

शिष्यवृत्तीच्या अर्जाला जातीचा रकाना लागतो. तो हक्काचा आहे आणि तेथे तो अवश्य द्यावा. निकालाच्या पानाला त्याचे काय काम? त्या पानासाठी कंट्रोलरने नाव, आसनक्रमांक, विषय आणि गुण एवढेच वेगळे काढून द्यावे. मग पुढे कोणी मॉडेलमध्ये नवा रकाना वाढवला, तरी तो आपोआप निकालाच्या पानावर उतरत नाही.