भिंगांच्या लहान दुर्बिणी : कोणती घ्यावी व कां?

पावसाळा सरून आश्विन महिना लागला म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याचें आकाश निवळतें, आणि त्याबरोबरच “मुलास दुर्बीण घ्यावयाची आहे, ती कोणती घ्यावी?” असा प्रश्न पालकवर्गाकडून आम्हांस विचारला जातो. प्रश्न लहान दिसला तरी त्यांत घरचा कष्टाचा पैसा व मुलाची जिज्ञासा, या दोन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात. वाईट दुर्बिणीनें पैसा तर जातोच. पण कांहींच नीट न दिसल्यामुळें मूल आकाशाकडे पाहण्याचेंच सोडून देतें, हें नुकसान अधिक मोठें होय. म्हणून दुर्बिणीची परीक्षा कशी करावी, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

भिंगांच्या दुर्बिणीस पुढच्या तोंडाशीं मोठें भिंग असतें, त्यास वस्तुभिंग म्हणतात. डोळ्यापाशीं लहान असतें, तें नेत्रभिंग. वस्तुभिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा नळीच्या आंत तयार करतें व नेत्रभिंग ती मोठी करून दाखवितें. गॅलिलिओनें १६१० सालीं गुरूचे चार चंद्र पाहिले, ते भिंगांच्या दुर्बिणीनेंच. परंतु कांच निरनिराळ्या रंगांच्या किरणांस कमीअधिक वांकविते. यामुळें त्या काळच्या एकेरी भिंगांतून तेजस्वी वस्तूंभोंवतीं रंगीत कडा दिसे. पुढें दोन जातींच्या कांचांचीं भिंगें जोडून हा दोष पुष्कळ कमी करण्याची युक्ति निघाली व लंडन येथील जॉन डॉलंड यानें १७५८ सालीं तिचें पेटंट मिळविलें. आजच्या साध्या दुर्बिणींतही असेंच जोडभिंग असतें.

दुकानांत गेल्यावर प्रथम दोनच आंकडे विचारावे : वस्तुभिंगाची रुंदी आणि त्याचें नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमेपर्यंतचें अंतर. रुंदीवर दोन गोष्टी अवलंबून असतात. पहिली प्रकाश. अंधारांत आपल्या डोळ्याची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर उघडते. ८० मिलिमीटर रुंदीचें भिंग तिच्यापेक्षां सुमारें १३० पट प्रकाश गोळा करतें. दुसरी गोष्ट बारकावा. एका अंशाच्या ३६०० विकला होतात. ११६ या संख्येस भिंगाच्या रुंदीच्या मिलिमीटरांनीं भागिलें असतां, किती विकला अंतरावरचे दोन तारे निराळे दिसूं शकतील तें कळतें. हें अंतर ६० मिलिमीटरच्या भिंगास सुमारें दोन विकला व ८० मिलिमीटरच्या भिंगास सुमारें दीड विकला येतें.

नाभीय अंतरास नेत्रभिंगाच्या नाभीय अंतरानें भागिलें म्हणजे वस्तु किती पट मोठी दिसेल तें निघतें. येथेंच गिऱ्हाईक फसतें. ६० मिलिमीटर रुंदीच्या व ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीच्या डब्यावर पुष्कळदां “५२५ पट” असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. हिशेब खोटा नसतो. ४ मिलिमीटरचें नेत्रभिंग लाविलें तर १७५ पट होतात, आणि तिप्पट करणारें आणखी एक भिंग मध्यें घातलें कीं ५२५ होतात. परंतु भिंगाची रुंदी जितके मिलिमीटर असेल, त्याच्या दुपटीहून अधिक पट केल्यास प्रतिमा अंधुक व अस्पष्ट होते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा १२० पट. त्यापुढील आंकडा निरुपयोगी होय. हीच दुर्बीण ३५ अथवा ७० पट लावून वापरली तर चंद्रावरील विवरें, गुरूचे चंद्र व शनीचें कडें उत्तम दाखविते.

आतां तुलनेसाठीं तीन दुर्बिणी घेऊं. तिन्हींचें भिंग ८० मिलिमीटरचेंच आहे असें समजा.

पहिली लांब, नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. हिच्यांत रंगदोष फारच थोडा दिसतो. ९ मिलिमीटरचें नेत्रभिंग लाविलें कीं १०० पट होतात, आणि गुरूचे पट्टे, चंद्राचे डोंगर व जोडतारे स्वच्छ दिसतात. परंतु आकाशाचा लहानच तुकडा एका वेळीं दिसतो, आणि लांब नळी वाऱ्यानें हालते.

दुसरी आखूड, नाभीय अंतर ४०० मिलिमीटर. ती पिशवींत मावते. २० मिलिमीटरच्या नेत्रभिंगानें २० पट होतात व कृत्तिकांचा सबंध पुंजका एकाच दृष्टिक्षेपांत येतो. मात्र हिलाच १०० पटींवर नेलें तर चंद्राच्या कडेस व गुरूभोंवतीं जांभळी छटा उमटते.

तिसरीही आखूड, नाभीय अंतर ५०० मिलिमीटरच्या आसपास; पण तिच्या जोडभिंगांत ई. डी. नांवाची विशेष कांच असते. ही कांच रंगांस फार थोडें विखुरते. यामुळें विस्तृत आकाश व स्वच्छ ग्रह, दोन्ही हिच्यांतून पाहतां येतात. किंमत मात्र साध्या दुर्बिणीच्या कित्येक पट पडते.

मग ही तिसरी कोणी घ्यावी? ज्यास छायाचित्रें काढावयाचीं आहेत त्यानें. डोळा क्षणभर पाहतो, पण छायाचित्राच्या यंत्रांत प्रकाश सांठत जातो. तेजोमेघासारख्या पसरट वस्तूच्या चित्रास ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीनें एक मिनिट लागत असेल, तर तितक्याच रुंदीच्या ९०० मिलिमीटरच्या दुर्बिणीस पांच मिनिटें लागतात. म्हणून अशा चित्रांस आखूड नळी बरी. परंतु साध्या आखूड भिंगाचा जांभळा दोष डोळ्यापेक्षां छायाचित्रांत अधिक उठून दिसतो, म्हणून ई. डी. कांचेचा खर्च तेथें सार्थ होतो.

तथापि लांब नळीसही छायाचित्रणांत स्थान आहे. आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या करमाळा तालुक्यांतील जेऊर येथें याचें एक ऐतिहासिक उदाहरण घडलें. २२ जानेवारी १८९८ रोजीं तेथून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला तेथें वेध घेण्यास गेले होते, आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनींही तेथेंच तळ दिला होता. कॅम्बेल यांच्या एका कॅमेऱ्याचें भिंग अवघें ५ इंच रुंद होतें, पण नाभीय अंतर ४० फूट! प्रतिमेचा आकार नाभीय अंतरावर ठरतो. म्हणून त्या कांचेवर सूर्यबिंब सुमारें साडेचार इंचांचें उमटे. आपल्या ९०० मिलिमीटरच्या दुर्बिणींत चंद्रबिंब जेमतेम ८ मिलिमीटर व ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणींत ४ मिलिमीटरांहून कमी भरतें. जेऊरचा तो कॅमेरा आकाशाबरोबर फिरविण्यासारखा नव्हता; म्हणून नळी स्थिर ठेवून आंतील कांचच घड्याळाच्या यंत्रानें सरकविण्याची योजना होती.

या योजनेचें कारण विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. पृथ्वीच्या फिरण्यामुळें तारे दर सेकंदास सुमारें १५ विकला सरकतात, आणि आपली ८० मिलिमीटरची दुर्बीण तर दीड विकलेचा भेद दाखविते. म्हणजे एका सेकंदांतच ताऱ्याचा ठिपका जाऊन रेघ होऊं लागते. चंद्र तेजस्वी असल्यामुळें त्याचें चित्र मोबाईल फोन नेत्रभिंगास लावूनही क्षणार्धांत निघतें. पण मृगनक्षत्रांतील तेजोमेघाचें चांगलें चित्र हवें तर ताऱ्यांबरोबर फिरणारी विषुववृत्तीय बैठकच पाहिजे. तिचा आंस ध्रुवाकडे रोखावा लागतो. नगर सुमारें १९ अक्षांशांवर असल्यामुळें येथें ध्रुव क्षितिजापासून १९ अंशच वर असतो. उत्तरेकडील देशांसाठीं केलेल्या कांहीं बैठका इतक्या खालीं झुकत नाहींत, किंवा झुकल्या तर तोलाचें वजन तिपाईच्या पायास अडतें. विकत घेण्यापूर्वीं हें अवश्य पाहावें. बैठक डळमळीत असेल तर उत्तम भिंगही व्यर्थ होय. नळीस बोटानें टिचकी मारावी, आणि प्रतिमा दोन-तीन सेकंदांत स्थिर न झाल्यास ती दुर्बीण घेऊं नये.

एक धोक्याची सूचना. दुर्बिणींतून सूर्याकडे केव्हांही पाहूं नये. दृष्टि कायमची जाते. नेत्रभिंगास लावावयाची काळी कांच उष्णतेनें तडकते, तिच्यावर विसंबूं नये. साध्या दुर्बिणीनें सूर्यबिंब पांढऱ्या कागदावर पाडून डाग पाहावे, व तेंही वडील माणसांच्या देखरेखीखालीं.

सारांश, आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यानें ७० किंवा ८० मिलिमीटरची लांब दुर्बीण भक्कम तिपाईसह घ्यावी. छायाचित्रणाची हौस एकदोन वर्षें टिकली, तर ई. डी. भिंगाची व फिरत्या बैठकीची गोष्ट मग काढावी. ज्यांस इतकाही खर्च झेपत नाहीं त्यांनीं खिन्न होऊं नये. चार घरांनीं मिळून एक दुर्बीण घेतली तरी आकाश कोणास कमी पडत नाहीं. शहराच्या दिव्यांपासून दूर, अकोले तालुक्यांतील भंडारदऱ्याकडे किंवा आपापल्या गांवच्या शेतांत अमावास्येच्या सुमारास ती लावावी, आणि जें दिसेल तें तारीख व वेळ घालून वहींत लिहावें. एकोणिसावें स्तोत्र मुखपाठ असलेल्या मुलांस, तें ज्या आकाशाविषयीं आहे तें एकदां नीट पाहावयास मिळावें, एवढीच आमची इच्छा आहे.