टॉवेल एकच, मान निराळा

आमच्या बार्शी भागात पाहुण्याच्या हाती टॉवेल-टोपी आणि नारळ दिला की त्याचा मान झाला. लग्नाचा आहेर असो, गावचा सत्कार असो, रीत तीच. देणाऱ्याला तोंडाने काही सांगावे लागत नाही. मोठ्या कंपन्या ज्याला जनसंपर्क म्हणतात, तो याहून फारसा वेगळा नाही.

मात्र हाच टॉवेल परदेशी गेला की त्याचा अर्थ बदलतो. सोलापूर जिल्ह्यातून टॉवेल बाहेर पाठवू पाहणाऱ्या व्यापारी बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. जपानमध्ये नव्या घरी राहायला आलेला माणूस शेजाऱ्यांना टॉवेल नेऊन देतो. कंपन्याही नववर्षाला आपले नाव छापलेले टॉवेल गिऱ्हाइकांना वाटतात. पण तेथे चारचा संच नेऊ नये. त्यांच्या भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' यांचा एक उच्चार सारखाच आहे. पाचचा संच चालतो. चीनमध्ये अनेक ठिकाणी अंत्यविधीला आलेल्यांना टॉवेल देण्याची चाल आहे. अशा गिऱ्हाइकाला नमुना म्हणून टॉवेल दाखवावा, भेट म्हणून देऊ नये.

रंगाचेही तसेच. पांढरे कापड आम्हा मुसलमानांकडे इहरामलाही लागते आणि कफनालाही. संक्रांतीला हौसेने काळी साडी मागणारे गिऱ्हाईक लग्नाच्या बस्त्यात काळ्या रंगाला हात लावू देत नाही. म्हणजे रंग शुभ की अशुभ हे विचारून उपयोग नाही. प्रसंग कोणता, हे विचारावे. बार्शीच्या दुकानात आम्ही हे रोज विचारतो, मग परदेशी पत्र लिहिताना का विसरावे?

खरा धोका छपाईत आहे. 1994 च्या विश्वचषक फुटबॉलवेळी मॅकडोनाल्डने खाद्यपदार्थांच्या कागदी पिशव्यांवर खेळणाऱ्या देशांचे झेंडे छापले. सौदी झेंड्यावर कलमा आहे आणि पिशवी शेवटी कचऱ्यात जाते. मुसलमानांनी हरकत घेतली, पिशव्या मागे घ्याव्या लागल्या. जानेवारी 2017 मध्ये अॅमेझॉनच्या कॅनडातील विक्रीत तिरंग्याचे पायपुसणे दिसले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीरपणे माफीची मागणी केली. माल काढला गेला. टॉवेल तर अंग पुसायचा, कधी पायाखालीही जाणारा. त्यावर झेंडा, देवाचे नाव, आयत काहीच नको, मग गिऱ्हाईक कितीही आग्रह करो.

चूक झाल्यावर काय करावे, हे नाइकेकडून शिकण्यासारखे आहे. 1997 मध्ये त्यांच्या बुटावरील 'एअर' ही अक्षरे अरबीतील 'अल्लाह' सारखी दिसतात अशी तक्रार झाली. आमचा हेतू तसा नव्हता, एवढ्यावर ते थांबले नाहीत. अमेरिकेतील मुस्लिम संघटनेशी बोलणी करून माफी मागितली, सुमारे 38,000 जोड परत घेतले आणि एका इस्लामी संस्थेत मुलांसाठी खेळाचे मैदान करून देण्याचे कबूल केले. दुखावलेल्याच्या दारी जाऊन, त्याच्या माणसांमार्फत बोलणे, याला आमच्याकडे अदब म्हणतात.

आता एक बारीक गोष्ट. आखाती देशांना फोन करताना वार पाहावा. सौदीत 2013 पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. अमिरातीत 2022 पासून सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात शुक्रवारही पूर्ण सुट्टीचा. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात. भाव ठरवण्याची बोलणी शक्यतो त्याआधी उरकावीत, आणि त्या महिन्यात मुबारकबादीचे पत्र तेवढे पाठवावे. त्यात दराचा विषय काढू नये.