आनूप देश आपल्या दाराशी : कळंबोलीच्या खाडीकाठचा एक अभ्यासपाठ

चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार वर्णिलेले आहेत. नद्या व समुद्र यांनी वेढलेली, नारळ-केळींनी दाटलेली, वातकफप्रधान अशी आनूप भूमी आपण सर्वांनी परीक्षेपुरती पाठ केलेली असते. कळंबोलीत चिकित्सा करणाऱ्या वैद्यास मात्र तिच्यासाठी पुस्तक उघडावयास नको. पोलादबाजार व द्रुतगती महामार्ग यांच्या पलीकडे, कासाडी नदी जेथे खाडीकडे वळते, तेथे ती भूमी आजही उरली आहे. ज्या पनवेल तालुक्यात १८७२ साली श्री धूतपापेश्वर औषधी कारखान्याची स्थापना झाली, तेथील वैद्यांनी खाडीकाठची वनस्पती केवळ ‘झुडपे’ म्हणून ओळखावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

रानात वावरणारे गुराखी व मेंढपाळ ओषधी नामरूपाने जाणतात, असे चरकाचार्य सूत्रस्थानात सांगतात. मात्र केवळ नामरूपाने योजना कळत नाही, हेही लगेच बजावतात. येथे ते नामरूप जाणणारे आगरी व कोळी वडीलधारे होत. शाळांतील मुले, हे वडीलधारे आणि वैद्य असे तिघे एकत्र खाडीवर गेले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

जाण्याचा दिवस पंचांगावरून ठरवावा. तिथीचा अंक पाऊणपट केला की भरतीची स्थूल वेळ मिळते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब. चतुर्थीस भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास. खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिरा पोहोचते, हे ध्यानी धरावे. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे ओसरत नाही, आणि उधाणाच्या दिवशी बांधापलीकडे मुलांना नेऊच नये. एवढ्या एका गणितात चंद्र, समुद्र व तिथी यांचा संबंध मुलांना जितका कळेल, तितका फळ्यावर कळणार नाही.

प्रथम तिवर दाखवावा. चिखलातून वर आलेली त्याची श्वसनमुळे पायाखाली तुडवू नयेत. पानावर साचलेले मिठाचे कण भिंगातून पाहावे. लवणरसाचा याहून सुलभ पाठ नाही, तरीही पान जिभेला लावू नये, कारण पुढे येईल. काटेरी पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची मारंडी सहज ओळखता येते. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. कोकणच्या खाड्यांत आढळणाऱ्या फुंगळीचा (गेवा) चीक त्वचेवर फोड आणतो व डोळ्यांस घातक आहे, म्हणून ती मुलांना लांबूनच ओळखावयास शिकवावी. चिखलाच्या कडेला जमीन उंचावते तेथे पिलू आढळल्यास वैद्यांनी आवर्जून थांबावे. विरेचनोपग व ज्वरहर या दोन्ही महाकषायांत ज्याची गणना आहे तो पीलु हाच. कित्येकांनी तो वाळलेल्या स्वरूपातही पाहिलेला नसेल.

आता औषधनिर्मात्यांसाठी. कासाडी तळोजे औद्योगिक वसाहतीतून येते. ऑगस्ट २०१७ मध्ये तेथे निळ्या रंगाने माखलेले कुत्रे आढळले व त्यांची छायाचित्रे देशभर गाजली. डोळ्यांस दिसणारा तो रंग एकवेळ धुतला जाईल; परंतु कांदळवनातील गाळ सांडपाण्यातील जड धातू धरून ठेवतो आणि तेथील वनस्पती ते काही अंशी शोषून घेतात. वनौषधींसाठी मान्य मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ इतकी आहे. खाडीकाठचे द्रव्य ‘जंगली, म्हणून शुद्ध’ असे सांगून कोणी विकावयास आणल्यास या चार धातूंच्या तपासणीवाचून ते घेऊ नये. कांदळवनातील असेल तर घेऊच नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली व सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. तेव्हा हा अभ्यास डोळ्यांनी, भिंगाने व वहीने करावयाचा आहे, कोयत्याने नव्हे.

वहीत प्रत्येक वनस्पतीपुढे तीन रकाने आखावेत : वडीलधाऱ्यांनी सांगितलेले नाव, शास्त्रीय नाव, व संहितेत उल्लेख असल्यास स्थान. तिसरा रकाना बहुधा रिकामाच राहील. ओढूनताणून संस्कृत नाव चिकटविण्याचा मोह टाळावा. संदिग्ध द्रव्यांची आपली यादी आधीच पुरेशी लांब आहे. पहिला रकाना मात्र याच एक-दोन वर्षांत भरून घ्यावा, कारण मिठागरांत व खारभूमीत राबलेली पिढी आता थकली आहे.